ईस्टरची अंडी घरच्या घरी सजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिगमो, म्हणजे गोव्यातली होळी, आटोपला की आमच्या इथल्या हस्तकलेच्या वर्गात ईस्टरच्या अंड्यांची विचारणा सुरू होते. विचारणारे बहुतेक करून शाळकरी मुलांचे आईबाबा, नाहीतर शाळेतल्या बाई, आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला यंदा दुकानातला डबा न देता हाताने केलेलं काहीतरी द्यावं असं मनात असलेली मंडळी. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

आधीच एक सांगते. अंडी रंगवायचं तयार किट विकत घेऊ नका. त्यात प्लॅस्टिकची चकचकीत बाही असते, ती अंड्यावर चढवून गरम पाण्यात बुडवली की झालं. त्यात हाताने करण्यासारखं काही उरतच नाही. अंड्याचं टरफल हा जवळजवळ निव्वळ चुना आहे. चुन्यावर रंग कसा बसतो, कसा निघतो एवढं समजलं की बाकीचं सामान स्वयंपाकघरातच सापडतं.

गोव्यात अंडी रंगवायची रीत आहे का?

गोव्यात ईस्टरचं अंडं म्हटलं की आधी मार्झिपॅनचं, म्हणजे काजू-साखरेच्या गोळ्याचं, आठवतं. पवित्र आठवड्यात बेकऱ्यांच्या काचेमागे गुलाबी, पिस्ता रंगाची, वर आयसिंगची फुलं काढलेली अंडी मांडलेली दिसतात. खरं अंडं रंगवायची रीत मुख्यतः मध्य आणि पूर्व युरोपातली. जुन्या काळी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपास माहीत नाही, त्या अंडी घालतच राहायच्या. साठलेली अंडी ईस्टरला बाहेर यायची, रंगायची, वाटली जायची. ग्रीसमध्ये आजही ती लालच रंगवतात आणि दोघे जण एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून कुणाचं शाबूत राहतं ते बघतात. पोर्तुगालमध्ये ‘फोलार’ नावाच्या पावात अख्खं अंडं खोचून भाजतात.

युक्रेनची मेणाने नक्षी काढलेली ‘पिसान्का’ सगळ्यांत नावाजलेली. २०२४ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. रशियाच्या झारसाठी फाबेर्जे या जवाहिऱ्याने १८८५ पासून केलेली सोन्या-मीनाकारीची अंडी आपल्या विषयाबाहेरची, तिथे अंडं फक्त आकारापुरतं.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. तयारी कधी सुरू करावी?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. पौर्णिमा आली म्हणजे आपलं पंचांगही जवळच असतं. २०२६ ला हनुमान जयंती गुरुवारी २ एप्रिलला, आणि ईस्टर लगेच त्या रविवारी. बऱ्याच घरांत त्या दिवसांत अंडं शिजत नाही, आणि नेमकी तेव्हाच मुलांना हुक्की येते.

यावर उपाय सोपा आहे. महिनाभर आधीपासून रोजच्या ऑम्लेटचं अंडं फोडायचं नाही, फुंकायचं. रिकामी टरफलं धुऊन, वाळवून साठवत गेलात की ईस्टरच्या आठवड्यात घरात एकही अंडं न आणता डझनभर हाताशी असतात.

पांढरी अंडी घ्यावीत की गावठी?

रंगकामाला पोल्ट्रीची पांढरी. गावठी अंड्याच्या बदामी टरफलावर हळदीचा पिवळा मळकट दिसतो, निळा तर दिसतच नाही. कोरीव कामाला मात्र गावठी अंडं छान, कारण त्याचं टरफल बरेचदा जाड भरतं. विकत घेताना मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून पाहा, केसाएवढी चीर असली तरी उजेडात दिसते. घरी आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा आणि पुसा. हाताला खोबरेल लागलेलं असेल तर अंड्याला शिवूसुद्धा नका. तेलकट बोट लागलं तिथे रंग धरत नाही आणि बोटाचा ठसा जसाच्या तसा उमटतो.

उकडलेलं अंडं वापरू की पोकळ केलेलं?

लहान मुलं असतील, आणि संध्याकाळपर्यंत अंडी पोटात जाणार असतील तर उकडलेलं. ठेवायचं असेल तर पोकळ.

पोकळ करताना अंडं आधी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. जाड सुई किंवा दाभण निमुळत्या टोकावर ठेवून दाब न देता फिरवत राहा, टरफल आपणहून भोक देतं. दुसऱ्या टोकाला त्याहून जरा मोठं भोक. आता लांब सुई आत घालून पिवळा बलक मोडा, नीट ढवळा. इथे घाई केली की बलकाचा पापुद्रा भोकात अडकतो आणि माणूस गाल फुगवून लालबुंद होतो. मग लहान भोकावर स्ट्रॉ टेकवून फुंका, मोठ्या भोकाखाली वाटी धरा. तोंड टरफलाला थेट लावू नका, कच्च्या अंड्यावर साल्मोनेला जंतू असू शकतात. फुंकणं जमत नसेल तर औषधाच्या दुकानातली सुईविना सिरिंज घ्या आणि तिने हवा आत ढकला. रिकाम्या अंड्यात सिरिंजनेच पाणी भरून, खुळखुळवून दोनतीनदा धुवा आणि मोठं भोक खाली करून दोन दिवस वाळू द्या. आत ओल राहिली तर महिन्याभराने अंडं स्वतःच आपलं अस्तित्व जाणवून देतं.

वाटीत जमलेल्याची भुर्जी करा, नाहीतर रोस ऑम्लेट, म्हणजे वर रस्सा घातलेलं ऑम्लेट. काम चाललेलं असताना वाटी फ्रिजमध्ये राहू द्या.

घरगुती रंगांपैकी खरोखर चांगला कोणता?

कांद्याच्या सालींचा. बाकीचे सगळे त्याच्यानंतर.

दहा-बारा कांद्यांच्या कोरड्या सालींवर लिटरभर पाणी घाला आणि स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास उकळा. लोखंडी कढई नको, रंग काळवंडतो. गाळा, पूर्ण गार करा, दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. उकडलेलं किंवा पोकळ अंडं त्यात अर्धा तास ठेवलं तर नारिंगी, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर चिऱ्याच्या दगडासारखं गडद तांबडं. पोकळ अंडं तरंगतं, म्हणून दोन्ही भोकांना मेणाचा थेंब लावा आणि वरून वाटी पालथी घालून ते बुडवून ठेवा. भाजीवाल्याच्या टोपलीच्या तळाशी सालींचा ढीग पडलेला असतो. मागितल्या तर तो आनंदाने देतो आणि तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतो.

हळदीचा पिवळा लगेच बसतो, पण उन्हात उडतो. हळदीची खरी गंमत पुढे आहे: हळदीत रंगवून वाळवलेल्या अंड्यावर पानाला लावायच्या चुन्याचं पातळ पाणी काडीने लावा. रेघ तांबडी उमटते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, तीच ही करामत. वाळल्यावर रेघ थोडी विटकरी होते. चुना डोळ्यांत गेला तर घात आहे, म्हणून हे काम मोठ्यांनीच करायचं.

निळा हवा असेल तर तांबडा कोबी. पाणी जांभळं दिसतं आणि अंडं निघतं निळं. कुंपणावरची गोकर्णाची फुलं असतील तर तीही चालतात. फुलांच्या पाण्यात व्हिनेगर थेंबभरच घाला, जास्त झालं की पाणी जांभळं-गुलाबी होतं. कोकमाबद्दल गोव्यात हमखास विचारतात. सोलांचं पाणी डोळे दिपवील असं लाल असतं, पण तो लाल आंबटपणावर टिकलेला. टरफलाचा चुना आंबटपणा मारतो, आणि वाळल्यावर अंडं लाल न राहता करड्या-जांभळटाकडे झुकतं. शिवाय सोलं टरफल खातात, तासभर ठेवलं तर पृष्ठभाग खरबरीत होतो. तो करडा रंग मला आवडतो, पण लालाची आशा धरून करू नका. बिटाचं मात्र नावच काढू नका, चार दिवसांत त्याचा मळका गुलाबी होतो.

रंगात व्हिनेगर कशाला? माडाचं चालेल का?

टरफलात ९४-९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्यावर प्रथिनाचा पातळ थर. व्हिनेगरमधलं आम्ल तो थर आणि चुन्याचा वरचा कण जरासा खरवडतं, मग रंगाला धरायला जागा मिळते. अंडं व्हिनेगरच्या पाण्यात टाकल्यावर बारीक बुडबुडे दिसतात, तेच हे. माडाच्या सुरेचं (माडीचं) घरगुती व्हिनेगर चालतं, फक्त त्याचा पिवळसरपणा फिक्या रंगात उतरतो, म्हणून ते कांद्यासाठी वापरा आणि निळ्यासाठी पांढरं बाटलीतलं. जास्त घातलं म्हणजे रंग जास्त बसतो असं नाही. टरफल ठिसूळ होतं आणि रंग ढगाळ येतो.

शिगम्याचा उरलेला गुलाल, कपड्यांची नीळ, शेंदूर?

खायच्या अंड्याला यातलं काहीही लावायचं नाही. टरफलाला ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रं असतात, रंग आत पोचू शकतो. गुलालात काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं, शेंदरात शिसं असू शकतं. पोकळ शोभेच्या अंड्यालाही गुलाल कामाचा नाही, बसत नाही आणि हाताला लागतो. नीळ पोकळ अंड्यावर सुंदर दिसते, तिथे खुशाल वापरा.

पानांचे ठसे कसे उठवतात?

मुलांबरोबर करायला याहून चांगलं तंत्र नाही. लहान, चपटं आणि कातरलेलं पान घ्या: कोथिंबीर, शेवगा, चिंच, लाजाळू. पान ओलं करून अंड्यावर दाबून बसवा. जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा त्यावर ताणा आणि मागून दोऱ्याने करकचून बांधा. ताण कमी पडला की रंग पानाखाली शिरतो आणि ठसा पुसट येतो. मलमलही चालते, पण तिची वीण कधीकधी उमटते. हे बोचकं कांद्याच्या गार रंगात अर्धा ते एक तास ठेवा. कात्रीने मोजा कापा, पान सोलून काढा. तांबड्यावर पानाची पांढरी सावली, शिरांसकट. लाजाळूचं पान बसवताना मिटतं म्हणून मुलं वैतागतात. ते आधी पुस्तकात दाबून ठेवा.

पिसान्कासारखी मेणाची नक्षी घरी जमेल का?

जमते. युक्रेनमध्ये तांब्याची बारीक फनेल लावलेली काडी वापरतात, तिला ‘किस्त्का’ म्हणतात. आपण त्याऐवजी गोल डोक्याची टाचणी घ्यायची आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचायची. लहान मेणबत्ती पेटवायची, वितळलेल्या मेणात टाचणीचं डोकं बुडवायचं, अंड्यावर टेकवायचं आणि लगेच ओढायचं. थेंबाला शेपूट फुटतं, स्वल्पविरामासारखं. एका मध्याभोवती आठ शेपट्या काढल्या की फूल झालं. टाचणी मेणातून अंड्यापर्यंत येईतो निवायला लागते, म्हणून ज्योत आणि अंडं यांत वीतभराहून जास्त अंतर ठेवू नका. मेण अंड्यावर पांढुरकं दिसलं तर ते गार असताना लागलंय, पुढे सुटेल. काचेसारखं पारदर्शक दिसलं तर घट्ट बसलंय.

चर्चबाहेर मिळते ती मेणबत्ती साधारणपणे पॅराफिनची. पॅराफिनला तडे जातात आणि रंगाच्या बारीक शिरा पडतात. कुणाला त्या आवडतात, नको असतील तर त्यात थोडं मधमाश्यांचं मेण मिसळा.

नक्षीचा हिशेब उलटा चालतो. जे पांढरं राहायला हवं ते आधी मेणाने झाकायचं आणि अंडं पिवळ्यात बुडवायचं. जे पिवळं राहायला हवं ते झाकायचं आणि लालात बुडवायचं. शेवटी सगळ्यात गडद रंग. रंग नेहमी गार हवा, कोमट असला तरी मेण सुटतं. मेण काढायचं ते ज्योतीच्या बाजूला धरून, वर धरलं की काजळी बसते. वितळलेलं मेण मऊ कागदाने टिपत जा.

मेणकाम भरलेल्या कच्च्या अंड्यावर करावं आणि पोकळ शेवटी करावं. पोकळ अंडं रंगात बुडत नाही, आणि मेण काढताना आतली हवा तापून भोकांवरची बुचं सुटतात. युरोपात कच्चं अंडं तसंच ठेवून वर्षानुवर्षं वाळू देतात. ते थंड हवेतलं काम, आपल्या एप्रिलमध्ये त्याचा स्फोट होईल. ज्या दिवशी हाती घ्याल त्याच दिवशी संपवा, वार्निश द्या आणि मग फुंका. दिवसभर बाहेर राहिलेलं ते आतलं माडाच्या आळ्यात टाका, खाऊ नका.

कोरून नक्षी काढता येते का?

माझ्या मते गोव्यातल्या हाताला हेच तंत्र सगळ्यांत शोभतं. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी कलेतली चित्रं असतात: चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर हुरमुजीचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो थर ओला असतानाच कंपास आणि टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा उघडा केलेला. कांद्याच्या सालीत रात्रभर ठेवलेलं अंडं म्हणजे हातात मावणारी तीच भिंत. खाली चुना, वर तांबडा थर. पोलंडमध्येही अंडी अशी कोरतात, पण त्यांच्या कोंबड्यांचं आणि फुलांचं आपण काय करायचं? कावीतली कमळं, वेलबुट्टी, कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं आयती समोर आहेत.

अंडं उकडलेलं असेल तर हाताला भरीव लागतं, पहिल्यांदा तेच घ्या. अंड्याभोवती मधोमध रबरबँड घाला आणि त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, म्हणजे रेघ डुगडुगत नाही. उभ्या चार रेघा तशाच. मग कटरचं टोक किंवा दाभण पेन्सिलीसारखं तिरकं धरून हलकेच ओढा. पहिल्या फेरीत रेघ फिकट गुलाबी निघते. तिथेच थांबून बघा, कारण दुसऱ्या फेरीत ती पांढरी होते आणि तिसऱ्या फेरीत टरफल जाऊ शकतं. या दोन छटांचा उपयोग करा: पाकळी गुलाबी, तिची कड पांढरी. पांढरी भुकटी उडते ती फुंकू नका, मऊ ब्रशने झाडा. दहा वर्षांखालच्या मुलाच्या हातात कटर नको, त्याला जाड सुई कॉर्कमध्ये खोचून द्या.

माझा हात चित्रकलेचा नाही. सोपं काय?

कपाळाच्या टिकल्या. पाकीटभर गोल टिकल्या अंड्यावर चिकटवा, कडा नखाने दाबा, रंगात बुडवा, वाळल्यावर सोलून काढा. पांढरे ठिपके मिळतात. रबरबँडने पट्टे, इलेक्ट्रिशियनच्या टेपचे कातरलेले तुकडे लावून तारे. पट्ट्यांवर दुसऱ्या रंगाचा हात द्यायचा तर मधे पूर्ण वाळू द्या.

पणजीच्या फोंताइन्याश भागातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांसारखं अंडं करायचंय.

करायलाच हवं. पोर्तुगीज अझुलेजो फरशांची ही नक्षी पणजीत घरांच्या नावाच्या पाट्यांवर दिसते, आणि मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात तर भिंतभर मोठी चित्रं आहेत. एकदा तिथे जाऊन निळ्याच्या छटा बघून या. पोकळ पांढऱ्या अंड्याला पांढऱ्या अॅक्रिलिकचा पातळ हात द्या, नाहीतर ब्रशचं पाणी टरफल शोषतं. रंग एकच पुरतो: अल्ट्रामरीन निळा, पाणी घालून तीन छटांत. अंडं उभ्या-आडव्या रेघांनी चौकटींत वाटून घ्या. टोकांकडे चौकटी निमुळत्या होतात, तिथे नक्षी सोडून नुसतं निळं ठेवा. रंगवताना अंडं बांबूच्या काडीत ओवून काडी बटाट्यात रोवली की हात मोकळे राहतात.

क्रोशाची लेस, कापड, कागद चिकटवता येईल?

क्रोशाचं विणकाम गोव्यात चांगलं चालतं. जुन्या रुमालाची कड असेल तर उसवून घ्या, पट्टी अंड्याच्या पोटावर नीट बसते. खाली कांद्याचा तांबडा, वर पांढरी लेस. फेव्हिकॉल पातळ लावा, सुकल्यावर दिसत नाही. कागदी नॅपकिनचं फूल चिकटवायचं असेल तर वरचा छापलेला एकच पदर सोलून घ्या. फेव्हिकॉल आणि पाणी सारखं मिसळा आणि मधून कडेकडे ब्रश फिरवा. मोठा तुकडा गोलाव्यावर सुरकुततो, म्हणून तो कापण्यापेक्षा फाडलेला बरा. चमकीबद्दल विचारू नका, ती दिवाळीपर्यंत घरात सापडत राहते.

अंडं फुटलं तर?

तुकडे ठेवा. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे करवंटीच्या वाटीवर किंवा पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने बसवून मोझेक होतं. तुकडा चिकटवून बोटाने दाबला की तो आणखी बारीक तडकतो, तीच त्याची शोभा. आतला पापुद्रा आधी काढा, नाहीतर वास येतो.

आमच्या घरी अंडं चालत नाही. मुलीला शाळेत ईस्टरचा प्रकल्प आहे.

लहान फुगा अर्धवट फुगवा आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत बुडवून त्यावर तीनचार थर द्या. वाळल्यावर फुगा फोडा, वर चुन्याचा किंवा पांढऱ्या डिस्टेंपरचा हात. इथेही हुरमुजी रंग देऊन कोरायचं तंत्र चालतं. सावंतवाडीला कुणी जाणार असेल तर कातारकामाचं लाकडी अंडं मिळतं का ते बघायला सांगा, त्यावर रंगकाम करायला मजा येते. घरटं काथ्याचं करा, प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणू नका.

मार्झिपॅनचं अंडं घरी होईल?

होतं. मार्झिपॅन मुळात बदामाचं, गोव्यात ते सर्रास काजूचं होतं. बारीक काजूपूड आणि साखर साधारण सारखी, थोडं गुलाबपाणी, मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळायचं. अंड्याचा पांढरा घालतात, न घालताही जमतं. निवल्यावर मळून वळा, रात्रभर उघडं राहू द्या, मग खायच्या रंगाने बारीक ब्रशने रंगवा. ओल्या गोळ्यावर रंग पसरतो. या दिवसांत काजूचा मोसम चालू असतो, पण भाव विचारून घ्या.

ख्रिस्ती शेजाऱ्यांना अंडी कधी द्यावीत?

ईस्टरच्या रविवारी, सकाळच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर. गुड फ्रायडेला नको. तो शोकाचा दिवस, घरात साधं जेवण आणि शांतता असते, त्या दिवशी रंगीत परडी घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही. शनिवारी रात्री जागराची मिस असते, घरची मंडळी उशिरा येतात. रविवार हुकला तरी काळजी नाही, ईस्टरचे दिवस पुढे चालूच असतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं (मेरीमातेचं) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी येतं, तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानणारी हिंदू मंडळीही तिथे जातात. आमच्या ओळखीच्या एक आंटी म्हापशाच्या आहेत, त्यांना आम्ही अंडी फेस्ताच्या दिवशीच नेऊन देतो.

रंगवलेलं उकडलेलं अंडं खाल्लं तर चालतं?

कांदा, हळद, कोबी किंवा खायचा रंग असेल आणि टरफल तडकलेलं नसेल तर चालतं. बाहेर दोन तासांहून जास्त नको, आणि एप्रिलच्या उकाड्यात पारा ३२ अंशांच्या वर असतो तेव्हा एकच तास. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मुलांनी दिवसभर हाताळलेलं, बागेत लपवून शोधलेलं अंडं खाऊ नका. लपवाछपवीसाठी वेगळी अंडी ठेवा आणि लपवलेली मोजून ठेवा, न सापडलेलं अंडं आठ दिवसांनी आपला ठावठिकाणा स्वतः सांगतं. चमक हवी असेल तर पूर्ण वाळलेल्या रंगावर खोबरेलाचा थेंब चोळा.

पोकळ अंडी पुढच्या ईस्टरपर्यंत टिकतील का? आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते.

टिकतात, पण जूनच्या आधी तयारी हवी. घरगुती रंगाच्या अंड्यावर पाण्याचं वार्निश लावू नका, रंग विरघळून ओघळतो. तेलाचं पारदर्शक वार्निश दोन पातळ हात, बोटाने लावलं तरी चालतं. भोकं बुजवू नका, आतली ओल बाहेर पडायला वाट हवी. अॅक्रिलिकच्या अंड्याला कोणतंही वार्निश चालतं.

मग पुठ्ठ्याचा ट्रे नको. तो ओल धरतो, बुरशी तिथूनच सुरू होते. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या वर्षभर जमवल्या तर पुरतात. मुंग्यांना आतला वास लागू शकतो, म्हणून डबा भिंतीला टेकवून ठेवू नका. श्रावणात ऊन पडलं की एकदा डबा उघडा, सावलीत वारा द्या, पुड्या कढईत मंद गरम करून परत घाला. लटकवून ठेवायची हौस असेल तर आगकाडीच्या मधोमध दोरा बांधून ती उभी आत सारा, आत गेली की आडवी होते आणि अडकते. फक्त बाल्कनीत नको, पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात एकमेकांवर आपटतात.